घर बारापट लहान झालं, पाऊस नाही : खानापूरकडच्या कौलारू घराची प्रतिकृती

काम आलं ते एका फोटोवरून. बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या एका काकूंचं माहेर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अंगाला. घर कौलारू. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या भाच्याने ते उतरवून त्याच जागी स्लॅबचं बांधलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. दर वर्षी मे महिन्यात घर शाकारायचं, माकडांनी फोडलेली कौलं बदलायची, वाशांची वाळवी बघायची, आणि हे जाणणारी माणसं गावात हाताच्या बोटांवर उरलेली. काकूंनाही ते पटलं होतं. पण त्यांचा पुण्यातला मुलगा माझ्याकडे आला तेव्हा म्हणाला, "आई झोपेत अजून त्या घरातच हिंडते. टेबलावर मावेल एवढं ते घर करून द्याल का?"

मी बेळगावातल्याच शहापुरात, आमच्या माडीवर, भातुकलीची घरं आणि त्यातलं सामान करते. हे काम धरून पुरं होईपर्यंत साधारण तेरा महिने गेले, आणि मधे एक पावसाळा आला. त्या पावसाळ्यानं जे शिकवलं ते नीट लिहून ठेवावं, कारण आपल्या भागात असलं घर करणाऱ्याला ते आज ना उद्या भेटणारच.

मुलानं सोबत काही चित्रं आणली होती. विलायती कॉटेज, उंच चिमणी, दारावर गुलाबाचा वेल. असे तयार जोडणीचे संच बाजारात मिळतात. त्याचं म्हणणं, असा एक संच आणू आणि वर आपली कौलं लावू. मी नाही म्हटलं. त्या कॉटेजचं छप्पर उभं असतं आणि पागोळ्या भिंतीपासून हातभरही पुढे येत नाहीत. खानापूरकडचं घर म्हणजे मातीची भिंत. ती भिजू नये म्हणून छप्पर दोन-दोन फूट बाहेर काढलेलं असतं, टोपी कपाळावर ओढून घेतल्यासारखं. त्या सावलीमुळेच ओटा तयार होतो, आणि काकूंचं सगळं बालपण त्या ओट्यावर गेलेलं. पागोळी आखूड केली की घर दुसऱ्याच कुणाचं होतं.

माप कुठून आणायचं

घर पाडलेलं. नकाशा कधी नव्हताच. हाताशी होतं ते तीन ठिकाणचं : काकूंची आठवण, १९७१ सालचा त्यांच्या लग्नाचा एक फोटो, आणि गावातली जागा.

आठवणीचं माप घेताना मोठी अडचण येते. काकू म्हणायच्या, "उंबरा एवढा उंच, की चढून आत जावं लागायचं." हात गुडघ्याच्या वर दाखवायच्या. देवळी डोक्याच्या वर. सोपा तर "शंभर माणसं पंगतीला बसायची" एवढा. यातलं खोटं काहीच नाही. पण हे सगळं सहा-सात वर्षांच्या मुलीच्या अंगानं मोजलेलं आहे. तसंच केलं असतं तर वाडा झाला असता.

म्हणून एका रविवारी मी गावाला गेले. भाच्याने जुनी कौलं गोठ्यामागे रचून ठेवली होती. एक उचललं, पुसलं आणि टेप लावला. लांबी १६ इंच, रुंदी साडेनऊ इंच. हे मंगलोरी कौल. बासल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या लोकांनी १८६५ साली मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावर नि घाटावर ती घरोघर पोहोचली. कुंभार चाकावर घडवायचा ती नळीची कौलं हातागणिक वेगळी. मंगलोरी कौल साच्यात दाबलेलं, त्यामुळे एकासारखं दुसरं. मला हवी होती तीच गोष्ट. कौलावर कौल चढल्यावर उघडं किती राहतं तेही मोजलं : आडवं सव्वाआठ इंच.

परत येऊन लग्नाचा फोटो भिंगाखाली धरला. मांडवामुळे अर्धं घर झाकलेलं, पण डावा कोपरा आणि दाराची चौकट दिसत होती. डाव्या पागोळीपासून दाराच्या मधोमध कौलं मोजली. १९ भरली. दार घराच्या बरोबर मध्यावर होतं, हे काकू आणि भाचा दोघंही ठामपणे सांगत होते. म्हणजे पुरी ओळ ३८ कौलांची, सव्वाआठने गुणलं की २६ फूट. दोन्ही टोकांना फूट-फूट बाहेर आलेलं छप्पर वजा केलं, घराची लांबी २४ फूट. रुंदीसाठी नशीब चांगलं होतं. नव्या घराच्या एका बाजूला जुनं जोतं तसंच राहिलंय, ते १८ फूट भरलं.

मी १ : १२ हे प्रमाण धरते. बाहुलीघरांच्या जगात ते सगळ्यात रुळलेलं आहे. नवी दिल्लीतलं आताचं राष्ट्रपती भवन ज्यांनी आखलं त्या एडविन लटियन्स यांनीच १९२१ ते १९२४ मध्ये इंग्लंडच्या राणी मेरीसाठी एक बाहुलीघर केलं. तेही याच प्रमाणात, आत चालणारी लिफ्ट आणि नळाला पाणी. आज ते विंडसर किल्ल्यात आहे. माझं कारण मात्र घरगुती आहे. आपले सुतार अजून फूट, इंच आणि सूत बोलतात. १ : १२ मध्ये फुटाचा इंच होतो, हिशोब तोंडी होतो. आणि इंचाचा आठवा भाग म्हणजे सूत, ते खऱ्या घरातला दीड इंच होतं. एक सूत चुकलं की दार दीड इंच वाकडं, हे डोक्यात राहतं.

तर घर ठरलं २४ इंच बाय १८ इंच. पूर्वेला तोंड. पुढच्या अंगाला ओटा, सोपा आणि देवखोली. मागच्या अंगाला स्वयंपाकघर आणि न्हाणी, त्यामागे परडं. परड्याकडची भिंत खाचेत बसवायची, म्हणजे सरकवून काढली की आतलं दिसेल.

नऊशे बारा कौलं

एका पाख्यावर ३८ कौलांच्या १२ ओळी. दोन पाखी. ९१२ कौलं.

पुठ्ठा कापून, रंगवूनही कौलं करता येतात आणि दुरून बरी दिसतात. पण घर खानापूरकडचं. त्या तालुक्याची माती कौलांसाठी आणि भांड्यांसाठी नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्था तिथे आहे, आणि मी तिथल्या घराला पुठ्ठ्याची कौलं घालायची, हे मनाला पटेना. माती तिथलीच आणली. कालवून धोतराच्या फडक्यातून गाळली, कारण या आकारात वाळूचा एक कणही खड्ड्यासारखा दिसतो.

आधी सागवानात एक कौल कोरलं, खोबणी आणि पाठीवरचा खुंट धरून. त्यावरून प्लास्टर ऑफ पॅरिसचा दोन भागांचा साचा काढला. प्लास्टर ओल शोषून घेतं, म्हणून माती आपोआप सुटते, तेल लावावं लागत नाही. कोरलेलं कौल बरोबर ३४ मिलिमीटर होतं. सहाशे कौलं दाबली, सावलीत सुकवली आणि खानापूरला एका कुंभारमामांच्या भट्टीत दिली. त्यांनी ती मडक्यात भरून, वर झाकण लावून भाजली, नाहीतर राखेत हरवली असती.

बाहेर आली ती ३१ मिलिमीटरची. माती सुकताना आणि भाजताना आटते हे मला ठाऊक होतं. लहान वस्तूत ते आटणं दिसण्याजोगं नसेल असा माझा समज होता. तो पार चुकीचा. आटणं टक्क्यात असतं, कौल हातभर असो की बोटभर, या मातीत शेकडा नऊ. मामा म्हणाले, "तुमचा साचा मोठा करा की बाई, माती काय तुमचं ऐकणार हाय?" दुसरा साचा साडेसदतीस मिलिमीटरचा केला. मग चौदाशे कौलं दाबली, त्यातली वाकलेली-चिरलेली काढून हजाराच्या वर चांगली मिळाली.

जाडीत मात्र तडजोड करावी लागली. प्रमाणात ती दीड मिलिमीटरच्या आत यायला हवी होती. तेवढी पातळ कौलं साच्यातून निघतानाच तुटत. दोन मिलिमीटरवर थांबले. एक कौल सुमारे २.४ ग्रॅमचं झालं, म्हणजे सगळं छप्पर दोन किलोच्या वर. लांबी बारापट कमी केली की वजन बारा गुणिले बारा गुणिले बारा, म्हणजे १,७२८ पट कमी व्हावं लागतं. माझं तेवढं झालं नव्हतं. छप्पर आपल्या मापाला जड होतं, आणि ते पेलण्याचा विचार मी तेव्हा नीट केला नाही.

जुलै

भिंती सहा मिलिमीटरच्या प्लायवूडच्या. बाहेरून मातीचा लेप : चाळलेली माती, कागदाचा लगदा आणि गोंद. त्यावर चुन्याचे पातळ हात, चिमूटभर नीळ घालून, आणि खाली कावेचा पट्टा. छपराला तीन मिलिमीटरच्या प्लायवूडच्या दोन फळ्या, त्यावर सुतारी पांढऱ्या गोंदानं कौलं चिकटवलेली. जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटचं कौल लावलं. काकूंच्या मुलाला फोटो पाठवला.

बेळगावचा जुलै ज्यांनी काढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. आठ-आठ दिवस ऊन नाही, धारेपेक्षा भुरभुरच जास्त, कपाटातल्या चपलांना बुरशी. महिना संपता संपता एका सकाळी माडीवर गेले तर आढं मधे बसलं होतं. वरच्या तीन ओळी खाली घसरून पागोळीवर अडकल्या होत्या. समोरची भिंत पट्टी लावून पाहिली. ६१ सेंटिमीटरच्या भिंतीत मधोमध ७ मिलिमीटरचा बाक, आतल्या अंगाला फुगलेला. खऱ्या घरात तो सव्वातीन इंच झाला असता. अशा भिंतीखाली कोणी झोपलं नसतं. आत देवखोलीत गव्हाच्या खळीनं चिकटवलेल्या कागदावर काळे ठिपके आले होते.

मी दोन दिवस त्याला हात लावला नाही. मग एक एक वस्तू सोडवून, प्रत्येकीला काय झालंय ते वहीत लिहिलं.

भिंत आणि छप्पर, दोन्हींचं दुखणं एकच निघालं. बाहेरून लेप, गोंद, कौलं यांनी लाकूड बंद केलेलं. आतून ते उघडं. हवेतली ओल फक्त आतल्या बाजूनं शिरली, ती बाजू फुगली, बाहेरची जागेवर राहिली, आणि फळी त्या अंगाला बाकली. छपराची उघडी बाजू खालची, म्हणून ते खाली बाकलं, आणि वर दोन किलोचं ओझं होतंच. पांढरा गोंद ओलीत मऊ पडतो, म्हणून कौलं घसरली. घर मी बारापट लहान केलं होतं. हवेतली ओल तेवढीच होती. उलट पातळ लाकडात ती लवकर आरपार जाते. हेच घर बेळगाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अथणीला असतं तर कदाचित काहीच झालं नसतं. पण अथणीच्या कोरड्या अंगाला जुनी घरं धाब्याची, मातीच्या सपाट छपराची, कारण तिथे तेवढा पाऊसच नाही. एकाच जिल्ह्याच्या दोन टोकांना घरं वेगळी का, हे मी शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. कळलं त्या दिवशी.

आणि एक गोष्ट लखलखीत दिसली. काकूंचं खरं घर असंच ओल्या प्रदेशात पन्नास-साठ पावसाळे उभं होतं. त्याच्या छपराला फळी नव्हतीच. वासे, वाशांवर रीपा, रीपांवर पाठीच्या खुंटानं अडकवलेली सुटी कौलं. फटीतून धूर जायचा, वारा यायचा, लाकूड भिजलं तरी सुकायचं. मी खुंट साच्यात कोरला होता तो केवळ दिसण्यासाठी, आणि मग त्याच खुंटावर गोंद फासला होता.

दुसरं छप्पर

भिंतीचं प्लायवूड बदललं, आयएस ७१० या प्रतीचं घेतलं. ते पाण्यात टिकण्यासाठीच केलेलं असतं. कापल्याबरोबर सहाही बाजूंना, कडांना जास्त, लाखेच्या पॉलिशचे दोन हात दिले. कड हीच ओल पिणारी जागा. बाहेर जितका लेप तितकाच आतून. खळीत चिमूटभर मोरचूद घातलं, जुने बाइंडर वह्यांच्या खळीत घालायचे तसं. ते विषारी असतं. लहान मुलं तोंडात घालतील अशा घरात ते मी कधीच वापरणार नाही. हे घर काचेआड राहणार होतं.

छपराला सागवानाचे वासे, त्यावर २७ मिलिमीटरवर रीपा. गोंद फक्त आढ्याच्या आणि पागोळीच्या ओळीला, बाकी सगळी कौलं सुटी, खुंटावर. एकेक अडकवायला पाच संध्याकाळी लागल्या. पहिल्या घाण्यातली ३१ मिलिमीटरची कौलं आमच्या गल्लीतल्या पोरांनी दिवाळीच्या किल्ल्यासाठी मागून नेली. पहारेकऱ्याच्या चौकीला, अंबारखान्याला, राजसदरेलाही ती लागली. त्या किल्ल्याचं प्रमाण कोणी विचारलं नाही आणि तिथे ती फार शोभली.

मग आतलं सामान. चूल, जातं, उखळ, पाट, शिंकं. यात मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते वाकळेनं. काकूंच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा घेतला, दोरे मिलिमीटरच्या टाक्यांनी भरले, वाकळ हुबेहूब झाली. पण दांडीवर टाकली तर ताठ उभी. कापडाला वजनच उरलं नाही तर ते पडणार कसं? शेवटी पातळ गोंदाच्या पाण्यात भिजवून, दांडीवर टाकून, घड्या सुईनं दाबून टाचण्यांवर रात्रभर ठेवली. रंगाचंही असंच : खरी काव जशीच्या तशी लावली तर लहान भिंतीवर काळपट दिसते. तिच्यात थोडा चुना मिसळून फिकी केली तेव्हा डोळ्याला ती कावेसारखी वाटली.

डिसेंबरात काकू पहिल्यांदा घर बघायला आल्या. जिना चढून आल्या, दम घेतला, खुर्ची घराच्या अगदी जवळ ओढली आणि बराच वेळ ओट्याकडे बघत राहिल्या. मग पिशवीतून एक तांब्याची घागर काढली. त्यांच्या लहानपणच्या भातुकलीतली, पावणेदोन इंच उंच, काठाला पोचा पडलेला.

"ही चुलीजवळ ठेव गे. आईनं दिलेली."

मी पट्टी लावली. पावणेदोन इंच म्हणजे या घरात २१ इंच. चुलीजवळ ठेवली तर चूल खेळण्यातली वाटली असती. प्रमाण मोडायचं की काकूंचं मन? मी घागर हातात घेऊन फिरवत बसले. मग एकदम सुचलं ते बोलले, "काकू, न्हाणीत पाणी तापवायचा हंडा केवढा होता?"

त्यांनी दोन्ही हात पसरले आणि हसल्या. "होय की! तेवढाच की!"

घागर न्हाणीत चुलाण्यावर बसली. पोचा भिंतीकडे फिरवू का विचारलं तर म्हणाल्या, नको, दिसू दे.

निघताना जिन्यापाशी थांबल्या. "सगळं झालंय बघ. पण स्वयंपाकघरात अंधार हाय. आई जेवणं आवरून जात्यावर बसायची तेव्हा जात्याच्या पाळीवर उन्हाचा ठिपका असायचा. वर काचेचं कौल होतं. कुठं ते आठवत नाही."

फोटोत मागचं पाखं नाही. भाच्यालाही आठवत नव्हतं. पण जातं कुठे होतं ते काकूंना पक्कं ठाऊक होतं, आतल्या भिंतीपाशी, आणि वेळ ठाऊक होती, दुपारी दोनच्या सुमारास, शिमग्याच्या आधीचे दिवस. मला एवढं पुरे होतं. घर लहान केल्यानं ओल लहान झाली नव्हती, तसा उन्हाचा कोनही बदलत नाही. घर पूर्वेला तोंड करून ठेवलं तर सूर्य त्याच्यावर तसाच येणार जसा गावातल्या घरावर यायचा.

फेब्रुवारीत एका निरभ्र दुपारी काकूंना पुन्हा बोलावलं. घर गच्चीवर नेलं, होकायंत्रानं दिशा धरली, पाटावर सपाट ठेवलं, परड्याकडची भिंत खाचेत बसवली. काकू ओट्याच्या बाजूनं स्टुलावर बसून उघड्या दारातून आत बघत होत्या. मी मागच्या पाख्यावरचं एक कौल काढलं. कौलं सुटी होती म्हणून ते शक्य झालं.

"कुठं पडलं?"

"चुलीपाशी. वर घे."

ते परत अडकवलं, वरच्या ओळीतलं काढलं. मग डावीकडचं. दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. पाचवी ओळ, दक्षिणेकडून चौदावं कौल काढलं आणि काकू काही बोलल्या नाहीत. मी वाकून पाहिलं. ठिपका जात्याच्या पाळीवर होता.

सूक्ष्मदर्शकाची काचपट्टी कौलाच्या मापानं कापून मी त्या जागी बसवली.